विमानाचा पंख : तो उचलतो कसा आणि सोडून देतो केव्हा

(केंद्रातील प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यात एका सेवानिवृत्त मुख्याध्यापकांनी दिलेल्या व्याख्यानाचा हा पाठ आहे. इयत्ता सहावी व सातवीस सामान्य विज्ञान शिकविणाऱ्या शिक्षकांना तो उपयोगी पडेल, या हेतूने येथे देत आहोत.)



या मेळाव्यात चार शब्द बोलावेत अशी आज्ञा मला झाली आणि विषय निवडण्याची मोकळीकही मिळाली. पटनोंदणी, स्वच्छता किंवा शिस्त यांपैकी एखादा विषय मी घेईन, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. परंतु एकतीस वर्षांच्या सेवेत माझ्या हातून घडलेली एक चूक माझ्या मनाला फार दिवस टोचत आहे. ती आपल्यापुढे मांडावी, आणि ती दुरुस्त करण्यासाठी मला जे शिकावे लागले ते आपणांस सांगावे, एवढाच आजच्या बोलण्याचा हेतू आहे. ही चूक विमानाच्या पंखाविषयीची आहे.

मी त्या वेळी एका दोनशिक्षकी शाळेत होतो. सातवीच्या वर्गात हवेचा दाब शिकविताना विमान कसे उडते हे मी दरवर्षी मोठ्या उत्साहाने सांगत असे. माझ्याजवळच्या एका जुन्या मार्गदर्शिकेत जे होते तेच मी सांगे. पंखाची वरची बाजू फुगीर, खालची सपाट. समोरून आलेल्या हवेचे दोन भाग होतात. वरून जाणाऱ्या भागाला लांबचा रस्ता पडतो, खालून जाणाऱ्याला जवळचा; आणि दोघांना पलीकडे एकाच वेळी पोचावयाचे असल्यामुळे वरची हवा वेगाने धावते, तिचा दाब कमी होतो व पंख उचलला जातो. हे पटावे म्हणून मी दोन भावांची गोष्ट जोडीत असे. एक भाऊ घाटाने, दुसरा सडकेने, पण बाजाराच्या गावी दोघे एकाच घटकेला हजर!

एका वर्षी एका मुलीने हात वर केला आणि विचारले, “गुरुजी, पण त्यांनी एकाच वेळी का पोचायचं? मागं राहिला एखादा, तर कोण रागावणार आहे?” वर्ग हसला. तिचे एवढ्यावर भागले नाही. “आणि आमच्या कागदाच्या विमानाचे पंख तर दोन्हीकडून सपाटच असतात. ते कसं उडतं?”

बंधुभगिनींनो, माझ्याजवळ उत्तर नव्हते. तसे सांगण्याचे धैर्यही नव्हते. मी म्हणालो, “पुस्तकात आहे तसं लिही, म्हणजे गुण मिळतील.” तिने तसे लिहिले आणि तिला गुणही मिळाले. त्यानंतर मात्र त्या वर्षात तिने विज्ञानाच्या तासाला पुन्हा हात वर केल्याचे मला आठवत नाही.

तिचे दोन्ही प्रश्न बिनतोड होते. दुभागलेल्या हवेने पलीकडे एकाच वेळी पोचावे, असा निसर्गाचा कोणताही नियम नाही. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठातील प्राध्यापक होल्गर बाबिन्स्की यांनी २००३ मध्ये विज्ञानशिक्षकांसाठी लिहिलेल्या एका लेखात धुराच्या रेषांच्या साहाय्याने ही समजूत खोडून काढली आहे. वरून जाणारी हवा खालच्या हवेच्या बरोबर पोचत नाही; ती बरीच आधी पोचते. दोघे भाऊ बाजारात भेटतच नाहीत. घाटाने गेलेला पुढे निघून जातो.

हवा पोकळ नव्हे

मग खरे काय? ते समजण्यासाठी आरंभ हवेपासून केला पाहिजे. हवा म्हणजे ‘काही नाही’ अशी मुलांची समजूत असते आणि आपलीही मनातून तशीच असते. समुद्रसपाटीजवळ एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.२ किलोग्रॅम असते. आपला वर्ग सहा मीटर लांब, सहा मीटर रुंद व तीन मीटर उंच आहे असे धरा. त्यात १०८ घनमीटर हवा मावते. म्हणजे जवळजवळ १३० किलोग्रॅम. ज्या खोलीला आपण रिकामी म्हणतो तिच्यात ज्वारीच्या क्विंटलभर पोत्याहून जड वस्तू भरलेली असते. हा हिशेब फळ्यावर मुलांकडून करवून घ्या. गुणाकाराचा सराव होईल आणि हवेविषयीचा आदरही वाढेल.

दुसरी गोष्ट दाबाची. समुद्रसपाटीस हवा प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे दहा टन वजनाइतका जोर लावीत असते. तो सर्व बाजूंनी सारखा असतो म्हणून आपणांस जाणवत नाही. आता हा हिशेब पाहा. आपल्या विमानतळांवर नेहमी दिसणाऱ्या एअरबस ए-३२० या प्रवासी विमानाचे उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन सुमारे ७८ टन, आणि त्याच्या पंखांचे क्षेत्रफळ सुमारे १२२ चौरस मीटर. भागाकार केला तर दर चौरस मीटरवर सुमारे ६४० किलोग्रॅम भार येतो. दहा टनांच्या मानाने हा भार सोळाव्या हिश्श्याइतकाच आहे. म्हणजे पंखाच्या वर व खाली हवेच्या दाबात रुपयामागे एका आण्याचा फरक पाडता आला की एवढे धूड उचलले जाते. हवेजवळ बळ मुबलक आहे. प्रश्न एवढाच की हा एका आण्याचा फरक पाडावयाचा कसा.

हवेला वळविणे

तो फरक पडतो हवेला वळविल्याने. पंख हवेत किंचित तिरपा धरलेला असतो; पुढची कड थोडी वर, मागची थोडी खाली. समोरून येणाऱ्या हवेची दिशा आणि पंखाची रुंदी यांच्यामधील या कोनाला आपण आघातकोन म्हणू. पंखाला ओलांडून जाणारी हवा मागच्या कडेने खालच्या दिशेने वळून बाहेर पडते. हवेला वस्तुमान आहे. तेव्हा तिला खाली ढकलावयाचे तर तिच्यावर जोर लावावा लागतो, आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे तेवढाच उलटा जोर पंखाला वरच्या दिशेने मिळतो. या वर उचलणाऱ्या जोराला उत्थापन म्हणतात. पोहणारा मनुष्य पाणी मागे लोटून पुढे जातो. तसे विमान हवा खाली लोटीत लोटीत वर राहते.

“पंखाच्या खालच्या अंगावर हवा आपटते व तो वर ढकलला जातो हे समजले, परंतु वरून जाणारी हवा खाली का वळावी?” असे कोणी विचारील. हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण उत्थापनाचा मोठा वाटा पंखाच्या वरच्या अंगाचाच असतो. येथे गोफण आठवावी. गोफणीतला धोंडा गोल फिरतो, कारण दोरी त्याला सतत आतल्या बाजूस ओढते. कोणतीही वस्तू वाकड्या वाटेने जाते तेव्हा तिला आत ढकलणारा किंवा ओढणारा जोर असावाच लागतो. हवेला दोरी बांधता येत नाही. तिला आत ढकलू शकतो तो दाबातील फरक. पंखाच्या फुगीर पाठीला धरून वाकत जाणाऱ्या हवेच्या बाबतीत बाहेरचा, म्हणजे वरचा, दाब अधिक व पंखालगतचा दाब कमी असला तरच ती वाकू शकते. दूर वर वातावरणाचा नेहमीचा दाब असतो. तेव्हा पंखाच्या पाठीलगत तो नेहमीपेक्षा कमी असलाच पाहिजे. खालच्या अंगाला याउलट दाब काहीसा वाढतो. आपल्याला हवा होता तो एका आण्याचा फरक हाच.

मग बर्नुली यांचे काय? डॅनियल बर्नुली यांनी १७३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात द्रवांच्या वेगाचा व दाबाचा संबंध मांडला, आणि तो सर्वस्वी खरा आहे. जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाणारी हवा उतारावरच्या पाण्याप्रमाणे वेग घेते, म्हणून पंखावरची हवा खरोखरच वेगाने धावते. चूक बर्नुली यांची नाही. वेग वाढण्याचे जे कारण आपण मुलांना सांगत आलो, ते खोटे होते. न्यूटनच्या वाटेने गेलो काय किंवा बर्नुली यांच्या वाटेने गेलो काय, एकाच घटनेची ती दोन वर्णने आहेत. त्यांत भांडण नाही.

आता त्या मुलीच्या कागदाच्या विमानाचा उलगडा होतो. सपाट पंखसुद्धा तिरपा धरला की हवेला खाली वळवितो. फुगीर पंख तेच काम अधिक सफाईने व कमी अडथळ्यात करतो, म्हणून तो वापरावयाचा. आपल्या वायुसेनेच्या सूर्यकिरण पथकाची विमाने कसरती करताना उलटी होऊनही उडतात, त्याचेही कारण हेच. वैमानिक विमानाचे नाक अशा बेताने धरतो की उलट्या स्थितीतही पंखाचा हवेशी योग्य कोन राहावा.

पंख सोडून देतो केव्हा

आघातकोन वाढविला की उत्थापन वाढते. दोन अंशांपेक्षा चार अंशांवर अधिक, चारांपेक्षा आठांवर अधिक. मग तीस अंशांवर ते किती होईल? त्रैराशिकाने उत्तर काढू पाहणारा येथे फसतो. सर्वसाधारण पंखाच्या बाबतीत सुमारे पंधरा-सोळा अंशांपर्यंत हे चालते. त्यापुढे उत्थापन वाढण्याऐवजी घसरते आणि हवेचा अडथळा एकाएकी पुष्कळ वाढतो. या अवस्थेला वैमानिक ‘स्टॉल’ म्हणतात. यात्रेतल्या स्टॉलशी याचा संबंध नाही, आणि इंजिन बंद पडण्याशीही नाही. इंजिन पूर्ण जोराने चालू असताही पंख स्टॉल होऊ शकतो.

असे का व्हावे? पंखाच्या अंगाला अगदी चिकटून असलेला हवेचा थर घर्षणामुळे मंद झालेला असतो. जर्मन शास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांनी १९०४ मध्ये या थराचे महत्त्व जगाच्या ध्यानात आणून दिले. पंखाच्या पाठीवर पुढच्या भागात दाब सर्वांत कमी असतो. तेथून मागच्या कडेकडे जाताना तो पुन्हा वाढत जातो. म्हणजे हवेला आधी उतार आणि मग चढ.

सायकलवरून ओढ्याच्या उताराने खाली येणारा आणि पायडल न मारता पलीकडचा चढ चढून जाणारा मुलगा डोळ्यांपुढे आणा. उताराला मिळालेल्या वेगावर तो चढ पार करतो. परंतु त्याच्या चाकाला ब्रेक घासत असेल, तर तो अर्ध्या चढावरच थांबेल आणि मागे येऊ लागेल. पंखालगतचा मंद थर हा ब्रेक घासणारा सायकलस्वार आहे. आघातकोन लहान असतो तेव्हा चढ सौम्य असतो व तो कसाबसा पार होतो. कोन वाढला की चढ उभा होतो. मग तो थर वाटेतच थांबतो, उलटा फिरतो आणि वरून येणाऱ्या हवेला पंखापासून दूर लोटतो. पाठीला धरून वाकणारी हवा पाठ सोडून सरळ निघून जाते आणि मागे नुसते भोवरे उरतात. हवा पूर्वीसारखी वळली नाही, म्हणजे पूर्वीइतके उत्थापनही नाही. पंख आपल्या जागी असतो, वेगही असतो. परंतु हवेने त्याची संगत सोडलेली असते.

येथे दोन गोष्टी विशेष ध्यानात घ्याव्यात. पहिली, वेग आणि कोन यांचे नाते. वेग दुप्पट झाला तर त्याच कोनावर उत्थापन चौपट होते. वेग निम्मा झाला तर ते चतकोर उरते. म्हणून हळू जाणाऱ्या विमानाला आपले वजन पेलण्यासाठी कोन वाढवावा लागतो, आणि तो वाढवीत गेल्यास एक मर्यादा येतेच. विमान उतरताना पंखाच्या मागच्या कडेला जे पडदे बाहेर व खाली सरकतात, ते पंखाचा बाक व क्षेत्र वाढवून कमी वेगातही पुरेसे उत्थापन मिळवून देण्यासाठी असतात.

दुसरी गोष्ट अशी की स्टॉल वेगाने ठरत नाही, कोनाने ठरतो. विमान साठ अंशांनी कलून उंची न सोडता वळत असेल, तर पंखांना दुप्पट भार पेलावा लागतो आणि एरवीपेक्षा सुमारे १.४ पट वेगातसुद्धा स्टॉल होऊ शकतो.

आणि यातून सुटका कशी? कोन कमी करणे, म्हणजे नाक खाली करणे, हा तिचा मार्ग आहे. ऐकावयास हे सोपे आहे. परंतु विमान खाली पडत असताना त्याचे नाक आणखी खाली करावयाचे, हे मनुष्याच्या स्वभावाविरुद्ध आहे. पडणारा मनुष्य वर ओढू पाहतो. आणि येथे वर ओढणेच घातक ठरते.

ज्यांनी किंमत मोजली

हे ज्ञान पुस्तकात येण्यापूर्वी माणसांनी त्याची किंमत मोजली आहे. जर्मनीतील ओटो लिलिएंथाल यांनी १८९१ पासून पाच वर्षे टेकड्यांवरून, इंजिन नसलेल्या आपल्या पंखांवर सुमारे दोन हजार वेळा तरंगून पाहिले. पंखांच्या उत्थापनाची कोष्टके त्यांनी तयार केली. ९ ऑगस्ट १८९६ रोजी त्यांच्या यंत्राचे नाक वर उचलले गेले, पंख स्टॉल झाला आणि ते सुमारे पंधरा मीटर उंचीवरून कोसळले. दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले.

त्या बातमीने अमेरिकेतील डेटन गावच्या दोन सायकल दुकानदारांचे लक्ष उड्डाणाकडे वळले. हे विल्बर व ऑर्व्हिल राइट. त्यांनी १९०१ मध्ये उपलब्ध आकड्यांवरून एक ग्लायडर बांधला. हिशेबाने यावयाचे त्याच्या तिसरा हिस्साच उत्थापन त्याला मिळाले. तेव्हा त्यांनी पुस्तकातील आकड्यांवरच शंका घेतली. दुकानात सहा फूट लांबीची एक लाकडी पेटी केली, पंख्याने तिच्यातून वारा सोडला आणि सुमारे दोनशे छोटे पंख तपासले. मोजमापाचे तराजू त्यांनी करवतीच्या जुन्या पात्यांचे आणि सायकलच्या आऱ्यांच्या तारेचे केले. त्यातून निघाले असे की, अठराव्या शतकातील इंग्रज अभियंते जॉन स्मीटन यांच्या नावावर चालत आलेला हवेच्या जोराचा एक आकडा दीडपट मोठा होता. सुमारे एकशेचाळीस वर्षे तो एका ग्रंथातून दुसऱ्या ग्रंथात उतरवला जात होता. राइट बंधूंनी तो दुरुस्त केला आणि १७ डिसेंबर १९०३ रोजी ऑर्व्हिल यांनी बारा सेकंद, १२० फूट उड्डाण केले. शैक्षणिक साहित्याला पैसे नाहीत अशी तक्रार मी पुष्कळ केली आहे. करवतीच्या पात्यांची ही हकीकत वाचल्यापासून ती जरा हळू आवाजात करतो.

दुसरी हकीकत अलीकडची व दुःखाची आहे. १ जून २००९ च्या रात्री एअर फ्रान्सचे एअरबस ए-३३० जातीचे विमान रिओ दी जानेरोहून पॅरिसला निघाले होते. विमानात २२८ माणसे होती. अटलांटिक महासागरावर सुमारे ३५,००० फूट उंचीवर वेग मोजणाऱ्या नळ्या बर्फकणांनी काही काळ बुजल्या. वेगाचे आकडे भरवशाचे राहिले नाहीत आणि स्वयंचलित नियंत्रण आपोआप बंद झाले. विमानाला दुसरी इजा झालेली नव्हती. परंतु गोंधळाच्या त्या क्षणी नाक वर उचलले गेले, विमान सुमारे ३८,००० फुटांपर्यंत चढले, वेग घटला आणि पंख स्टॉल झाले. धोक्याची सूचना पुनःपुन्हा वाजत होती. इंजिने चालू होती. आणि बहुतेक वेळ नाक वर ओढूनच धरले जात होते. सुमारे साडेतीन मिनिटांत विमान समुद्रावर आदळले. कोणीही वाचले नाही. २०११ मध्ये समुद्रतळातून नोंदयंत्रे काढण्यात आली, आणि जुलै २०१२ च्या अंतिम अहवालातून हे सर्व जगाला कळले.

त्या वैमानिकांना दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. काळोखात, भरवसा गेलेल्या यंत्रांपुढे, आपल्यापैकी कोण कसा वागला असता हे कोणी सांगावे? परंतु या व अशा अपघातांनंतर जे ध्यानात आले, त्यावर आपण शिक्षकांनी विचार केला पाहिजे. पूर्वी वैमानिकांना स्टॉलचा सराव देताना ‘उंची शक्य तितकी गमावू नका’ यावर मोठा भर असे. परीक्षेत तेच पाहिले जाई. म्हणून नाक खाली करण्यास मन कचरे. नंतर ही शिकवण बदलण्यात आली. आधी कोन कमी करा, मग वेग मिळवा, उंचीचे मागाहून पाहू, असा क्रम ठरला. परीक्षेसाठी ज्यावर भर दिला होता आणि संकटात ज्याची गरज होती, त्या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. आपल्या वर्गात हे अंतर कोठे कोठे पडते, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी तपासावे.

वर्गात करावयाचे प्रयोग

आता व्यवहाराचे बोलतो. पुढील चार प्रयोगांना जवळजवळ काही खर्च येत नाही.

पहिला, कागदाच्या पट्टीचा. दोन बोटे रुंद व वीतभर लांब अशी पट्टी खालच्या ओठाशी धरा. ती पुढे झुकून लोंबेल. तिच्या वरून फुंकर मारा. पट्टी वर उचलली जाईल. आपण येथेच थांबतो आणि “वेगवान हवेचा दाब कमी” असे सांगून मोकळे होतो. तसे थांबू नका. आता तीच पट्टी सरळ खाली लोंबती धरा आणि तिच्या एका बाजूने वरून खाली फुंकर मारा. वेगवान हवा याही वेळी एकाच बाजूला आहे. परंतु पट्टी फुंकरीकडे ओढली जात नाही. पहिल्या वेळी हवेला वाकावे लागले, दुसऱ्या वेळी लागले नाही, एवढाच फरक. तो मुलांनीच शोधावा.

दुसरा, पुठ्ठ्याचा. वाऱ्याच्या दिवशी मैदानात वहीएवढा सपाट पुठ्ठा दोन्ही हातांनी आडवा धरून पुढची कड हळूहळू उचलावयास सांगा. पुठ्ठा वर ओढला जाऊ लागतो. आणखी उचलल्यावर तो वर जाण्याऐवजी मागेच ढकलला जातो. हाच अनुभव एस. टी.च्या खिडकीबाहेर हात काढून येतो, परंतु ते मुलांना चुकूनही सुचवू नका.

तिसरा, लोकरीच्या धाग्यांचा. पातळ पुठ्ठ्याला बाक देऊन त्याच्या पाठीवर बोटभर लांबीचे धागे एका टोकाने चिकटवा आणि तो टेबलपंख्यासमोर धरा. कोन लहान असताना धागे शिस्तीने मागे पडून राहतात. कोन वाढवीत गेल्यास मागच्या कडेजवळचे धागे फडफडू लागतात आणि काही चक्क उलटे, पुढच्या बाजूस वळतात. मागे फिरणारा सायकलस्वार तो हाच. पंख्याची हवा गिरक्या घेत येते, म्हणून पुठ्ठा थोडा दूर धरावा.

चौथा, मुलांचा आवडता. कागदाच्या विमानाला पोटाशी एक क्लिप लावा. ती पुढे असेल तर विमान नाक खाली घालून जाते. ती थोडी थोडी मागे सरकवीत जा. एका जागी विमान सुरेख तरंगते. आणखी मागे नेली की ते नाक वर करते, मंदावते, क्षणभर अडखळते, नाक खाली टाकून पुन्हा वेग घेते आणि पुन्हा नाक वर करते. हा स्टॉल व ही सुटका, दोन्ही डोळ्यांपुढे. क्लिपची जागा व विमानाने कापलेले अंतर यांची नोंद मुलांनी वहीत ठेवावी.

आणि ज्या शाळेत हेही जमत नसेल, तिथे कुंपणाच्या भिंतीवर उतरणारा कावळा दाखवा. टेकण्यापूर्वी तो अंग उभे करतो, पंख वाऱ्याला जवळजवळ आडवे धरतो. उत्थापन सोडतो, अडथळा वाढवितो आणि अलगद बसतो. जो स्टॉल विमानाला उंचावर घातक, तोच पाखराला उतरताना उपकारक. हे कावळ्याला कोणी शिकविले नाही; आपल्याला मात्र शिकावे लागते.

बंधुभगिनींनो, माझे बोलणे लांबले. त्या मुलीच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला पुढे पुष्कळ वर्षांनी मिळाले. परंतु तेव्हा ती वर्गात नव्हती. उत्तर माहीत नसणे हा गुन्हा नव्हे. आपल्यापैकी अनेकजण एकाच वेळी चार-चार इयत्ता सांभाळतात. सर्व शास्त्रे आपल्याला ठाऊक असावीत अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. मी त्या दिवशी एवढेच म्हणावयास हवे होते, “बाळ, मला माहीत नाही. शनिवारी शाळा सुटल्यावर आपण करून पाहू.” कागद होता, मैदान होते, वाराही होता. उद्या आपल्या वर्गात असा हात वर होईल, तेव्हा तो खाली जाऊ देऊ नका, एवढी विनंती करतो.